जावईबापूंची फुंकर

जावईबापूंनी पुन्हा फुंकर मारली तेव्हा अख्खी प्रयोगशाळा हसली, आणि काकाही हसले. न हसून सांगतात कुणाला?

जावईबापू म्हणजे एक यंत्र. टेबलाला चार बोल्टांनी जखडलेला एकच लोखंडी हात, त्याला पुढे दोन बोटं, बोटांच्या टोकांना राखाडी रबर, आणि मनगटाशी स्क्रू फिरवायचा बारीक पेचकस. नाव काकांनीच ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले होते, "ज्याच्यासाठी घरदार अदबीनं उभं राहतं, ज्याच्या हातून रोज काहीतरी फुटतं आणि तरी ज्याच्यापुढे कुणी ब्र काढत नाही, तो जावईच." तेव्हापासून सगळे त्याला जावईबापू म्हणायला लागले. मोठे साहेबसुद्धा, आणि मोठे साहेब एरवी हसायचेसुद्धा नाहीत.

तर जावईबापूंना चष्मा दुरुस्त करायला शिकवायचं चाललं होतं. तारेच्या फ्रेममध्ये काच बसवायची, बारीक स्क्रू लावायचा, आणि तो आवळायचा. एवढंच काम. पण हे 'एवढंच' किती मोठं आहे ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. स्क्रू ढिला राहिला तर काच निसटते. पाव आटा जास्त फिरवला तर काचेची कपची उडते. मधली जी जागा आहे ती डोळ्यांना दिसत नाही, ती हातालाच कळते.

आणि जावईबापू करत काय होते? फ्रेम उचलायचे, काच बसवायचे, स्क्रू अर्धा फिरवायचे, मग काम सोडून फ्रेम अलगद वर न्यायचे. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे, बरोब्बर तेवढ्या उंचीवर. तिथे दोन क्षण थांबायचे. तिथे कुणी नसायचं, नुसती हवा. मग तशीच अधांतरी फ्रेम धरून उरलेला स्क्रू आवळायचे, आणि 'कट्'. दहातल्या सात काचा गेल्या होत्या.

"हुबेहूब काका!" कुणीतरी म्हणालं. "फुंकर मारायलासुद्धा विसरत नाही, बघा."

"धूळ असते ना," काका म्हणाले. "मारावीच लागते."

हे ते गेले पाच महिने सांगत होते. आणि ते सपशेल खोटं होतं.

काकांचं चष्म्याचं दुकान एकतीस वर्षं चाललं. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा तो. एक खुर्ची, गिऱ्हाइकाला एक स्टूल, आणि ड्रॉवरमध्ये स्क्रूच्या अठरा डब्या. डोळे मिटून कुठल्या डबीत हात घातला तरी स्क्रू किती नंबरचा आहे ते काका सांगायचे. माणसं गंमत म्हणून परीक्षा घ्यायची आणि हरायची.

अडीच वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्यानं बोटं धरली. आधी मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या, आणि जाताना सगळंच घेऊन गेल्या. एकदा गरम तव्याला बोट टेकलं ते काकांना वासावरून कळलं. डॉक्टर म्हणाले, गेलेला स्पर्श आता परत येणार नाही, निदान वर मनगटाकडे सरकू नये एवढं बघू. काकांनी मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि दुकान उघडलं. बायको त्याच्या सहाच महिने आधी गेली होती. सांगायचं कुणाला? स्क्रूला?

पण हात आंधळे झाले तरी पोट थांबत नाही, आणि काका मोठे वस्ताद. एक दिवस काम करता करता फ्रेमची कड चुकून खालच्या ओठाला लागली, आणि स्क्रू आवळत असताना तारेतून आलेली बारीक थरथर त्यांना ओठातून स्वच्छ कळली. इतकी स्वच्छ, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून त्यांचं ठरून गेलं. स्क्रू अर्धा फिरवायचा, फ्रेम ओठाला टेकवायची आणि उरलेलं काम ओठाच्या भरवशावर करायचं. गिऱ्हाईक बघत असेल तर हळूच फुंकर मारायची, म्हणजे वाटावं धूळ उडवतोय. कुणालाही कळलं नाही. एक बाई तर म्हणाल्या, "किती मन लावून करता हो!"

मॅडमही अशाच गिऱ्हाईक म्हणून आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, काटकुळ्या, चष्म्याची काडी हातात घेऊन. काकांनी दोन मिनिटांत काडी लावून दिली. मॅडम जागच्या हलेचनात. म्हणाल्या, "काका, मी यंत्राला स्पर्श शिकवते. तुमचे हात हवेत मला."

"ते मनगटाला लागलेले आहेत," काका म्हणाले. "मलाही यावं लागेल."

तेव्हा तो विनोद होता. पुढच्या महिन्यात ती इमारत पाडायला काढली, जिन्याबरोबर कोनाडाही गेला, आणि काका खरोखरच गेले.

आता तुम्ही म्हणाल, ज्या माणसाच्या बोटांना काही कळत नाही त्यानं यंत्राला स्पर्श शिकवायला जावं, म्हणजे कमालच झाली. कमाल होतीच. काकांना ते कळत नव्हतं असं नाही. पण दुकान बंद झाल्यावर महिनाभर घरी बसून बघा म्हणजे कळेल. दोन खोल्या. बायकोची खाट होती तिथेच, तिच्यावर काका इस्त्रीचे कपडे ठेवायचे, नुसती रिकामी दिसायला नको म्हणून. रेडिओ सकाळी लागायचा तो झोपताना बंद व्हायचा. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला की काका उगीच कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर यायचे. शेजारी म्हणायचा, "काय काका?" काका म्हणायचे, "काही नाही." झालं दिवसभराचं बोलणं!

मुलगी लांबच्या शहरात. दर रविवारी फोन. "बाबा, या ना इकडेच, एकटे कशाला राहता?" पोरगी गुणाची, जावईही भला. हा खराखुरा जावई, काही न फोडणारा. काका एकदा आठ दिवस राहून आले होते. सकाळी आठाला दोघेही घराबाहेर पडायचे आणि संध्याकाळी सातला यायचे. मधले अकरा तास काका लिफ्टचा आवाज ऐकत बसायचे. चहा करायला गेले तर कपाटं उघडायची भीती, न जाणो हातून काही पडलं तर. स्वतःच्या घरात एकटं असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या घरात एकटं असणं वेगळं. म्हणून ते फोनवर छातीठोकपणे सांगायचे, "अगं, मी कामाला जातो! मला कुठला वेळ?" ही ढाल होती. ही गेली की सामान बांधायचं.

शिवाय इथे फाटकावरचा रखवालदार रोज म्हणायचा, "आलात का?" आणि मॅडम म्हणायच्या, "काका, आज काय बेत?" दिवसाला दोन माणसांनी विचारणं म्हणजे थोडं नाही.

काम असं होतं. हातात तारांचे पातळ मोजे घालायचे. बोटांच्या टोकांशी किती दाब पडतो ते मोज्यातून पलीकडच्या पडद्यावर रंगांत दिसायचं. हलका दाब निळा, जास्त दाब लाल. काकांनी चष्मे दुरुस्त करायचे आणि ते सगळं जावईबापूंनी शिकायचं. काका रोज अर्धा तास आधी यायचे. कुठलं बोट मोज्याच्या कुठल्या खोबणीत गेलं ते बघून बघून घालावं लागायचं, आणि ते कुणी पाहू नये एवढ्यासाठी.

पडद्यावर काकांची बोटं कायम लाल. ज्याला धरलंय की सुटलंय हेच कळत नाही तो बिचारा गच्चच धरणार. पण मॅडमनी वहीत लिहिलं, 'अनुभवी हातांची पकड घट्ट असते.' आणि फुंकरीपुढे लिहिलं, 'धूळ.' विश्वास टाकला होता माणसावर. त्यात त्यांची काय चूक?

आणि जावईबापू इमानदार शिष्य. गच्च धरायला शिकले, फ्रेम वर न्यायलाही शिकले. फक्त त्या उंचीवर काकांना ओठ होता आणि जावईबापूंना नव्हता.

त्या हसण्याच्या दिवशी मोठे साहेब मागे उभे होते. ते अर्थातच हसले नाहीत. त्यांनी फुटलेल्या काचांच्या डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या गुरुवारपर्यंत बघू. नाही जमलं तर ही रबरी बोटं काढून टाका. साधा चिमटा बसवू आणि वरून दोन कॅमेरे लावू. स्पर्शाचं खूळ पुरे झालं."

मॅडमचा चेहरा खाडकन उतरला. ती बोटं त्यांची होती. चार वर्षं त्यांनी ते रबर स्वतः ओतलं, स्वतः सोललं, पुन्हा ओतलं. त्या रबराच्या आत हरभऱ्याएवढा कॅमेरा होता. बाहेरून काही टेकलं की रबराला आतून खळगा पडायचा आणि तो खळगा त्या कॅमेऱ्याला दिसायचा. केस टेकला तरी दिसायचा. एकदा त्यांनी काकांना दाखवलंही होतं, आणि काकांच्या मनात आलं होतं, लोखंडाच्या हाताला केस कळतो बघा.

त्यानंतरचे नऊ दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. मॅडम रोज सकाळी बोटं उलगडून बसायच्या. हे रबर जाड झालं का, तो कॅमेरा हलला का, तार सैल आहे का. डबा खायलासुद्धा उठायच्या नाहीत. काका समोर मूग गिळून बसायचे. तोंडापर्यंत यायचं, आणि मग डोळ्यांसमोर लिफ्टचा आवाज येणारी ती खोली यायची. उद्या सांगू, असं रोज ठरायचं. घरी जाताना ते स्वतःलाच शिव्या द्यायचे, चांगल्या खणखणीत. अरे, पोटच्या पोरीएवढी आहे ती! तिची चार वर्षं बुडतायत आणि तू तिथे बसून चहा पितोस!

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, काम कसं चाललंय?"

"फर्स्टक्लास," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

शेवटी बुधवार उजाडला. दुपारचे तीन वाजले असतील. बाकीचे दुसऱ्या खोलीत मीटिंगला गेले होते. मॅडमनी जावईबापूंच्या बोटाचं रबर पुन्हा एकदा सोललं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. चष्मा काढून डोळे पुसले. काही लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"माझ्याच बोटांत खोट आहे, काका," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी उगाच समजत होते. यांना काहीही कळत नाही."

काका उभे राहिले. का उभे राहिले, कोण जाणे. शाळेत मास्तरांपुढे उभं राहावं तसे.

"त्यांना कळतं," ते म्हणाले. "कळत नाही ते मला."

"म्हणजे?"

"अगं पोरी, म्हणजे मला बोटंच नाहीत असं समज. आहेत ती नुसती दिसायला." पाच महिने मॅडम-मॅडम करणाऱ्या माणसाच्या तोंडून 'अगं पोरी' निघून गेलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. "अडीच वर्षं झाली. मी ओठानं काम करतो. ती फुंकर नाही, मी फ्रेम ओठाला लावतो. धूळबीळ काही नसते. तुझ्या यंत्रानं आंधळ्याकडून रस्ता शिकायला घेतलाय, ते आपटणार नाही तर काय करणार?"

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी वही ओढली, पानं मागे मागे उलटली. लाल पकड. फुंकर. धूळ. बोट ठेवून ठेवून वाचत गेल्या. वाचता वाचता कानशिलं लाल झाली.

"पाच महिने!" त्या म्हणाल्या. "पाच महिने तुम्ही समोर बसून होता. मी रोज हे फाडत होते, जोडत होते, आणि तुम्ही नुसते बघत होतात?"

"हो."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी चहा पाजून निरोप दिला असतात."

मॅडमनी वही मिटली. नाही म्हणाल्या असत्या तर ते खोटं झालं असतं, आणि त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या उठल्या, वही घेतली आणि मीटिंगच्या खोलीत गेल्या. दार जरा जोरातच लागलं.

काका तिथेच बसले. पाऊण तास गेला असेल. निघून जावं असं दोनदा मनात आलं, पण न सांगता जाणं म्हणजे आणखी एक लबाडी झाली असती. समोर जावईबापू एक बोट सोललेल्या अवस्थेत गप्प उभे होते. "तुझी काही चूक नाही रे," काका त्यांना म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून म्हणाले.

मॅडम परत आल्या तेव्हा राग पुरता गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता. "दोन महिने दिलेत साहेबांनी," त्या म्हणाल्या. "बोटं राहतील. पण तुमच्याकडून शिकलेलं सगळं पुसावं लागेल. आणि मला दुसरे हात शोधावे लागतील."

"पुसा की," काका म्हणाले. "आणि माझ्या ओळखीचा एक आहे, घड्याळं दुरुस्त करतो. हात सोन्याचे आहेत, फक्त तोंड बंद ठेवत नाही. नंबर देतो."

हे बोलताना ते हसलेसुद्धा. मात्र आतून सगळं ढासळलं होतं. उद्या सकाळी उठून करायचं काय, एवढा एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता. मुलीला फोन करावा लागेल. ती खूश होईल. ती खूश होणार हेच जास्त जड होतं.

"एक शेवटचं काम राहिलंय," मॅडम म्हणाल्या. "साहेबांना लेखी द्यायचंय. तुम्हाला नक्की किती कळतं, कुठल्या बोटाला, ते तपासून. म्हणजे दोष कशात होता ते कागदावर येईल. चालेल ना?"

"न चालायला काय झालं? बसा."

मोजे काढून काकांनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "डोळे मिटा. मी पेनाचं टोक लावीन. कुठलं बोट ते सांगायचं."

काकांनी डोळे मिटले.

"आता?"

"अंगठा."

पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. "आता?"

"करंगळी?"

पुन्हा पेनाचा आवाज. "आता?"

"मधलं," काका म्हणाले. मॅडमच्या घड्याळाचा पट्टा टेबलाला मध्यावर घासल्याचा आवाज आला होता, त्यावरून ठोकून दिलं. एवढं एकच बरोबर आलं असावं. बाकी सगळी अंदाजपंचे. दहा झाले, पंधरा झाले. "आता? आता?" मग 'आता' यायचं थांबलं.

काका डोळे मिटून थांबले. पेनाचा आवाजही येत नव्हता. बाहेर कुणीतरी जिना उतरत गेलं. वरचा पंखा कुरकुरत होता.

"मॅडम, लावा की. मी तयार आहे."

उत्तर नाही. कागद संपला असेल, दुसरा आणायला गेल्या असतील. काका शहाण्यासारखे हात उताणा ठेवून बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांना वाटलं, विसरल्या की काय. रागावलेलं माणूस, उठून गेलंही असेल, कुणी सांगावं. आणि आपण इथे भिकाऱ्यासारखा हात पसरून बसलोय.

"गेलात का हो?" असं म्हणून त्यांनी डोळे उघडले.

मॅडम समोरच होत्या. पेन कधीच बाजूला पडलं होतं. काकांचा उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला होता, नुसता धरला नव्हता तर गच्च आवळला होता, इतका की त्यांची नखं पांढरी झाली होती. मान खाली होती आणि त्या रडत होत्या. कधीपासून धरला होता, देव जाणे. एक मिनिट झालं होतं की पाच, काकांना काहीच सांगता आलं नसतं.

बायको गेल्यापासून त्यांचा हात कुणी असा धरला नव्हता.

काकांनी डोळे पुन्हा मिटले नाहीत, नजर हलवली नाही, बोललेही नाहीत. ते त्या हातांकडे टक लावून बघत राहिले, कारण बघणं थांबवलं असतं तर हात धरलेला आहे की सोडलाय हे त्यांना कळलं नसतं.